पंप बदलण्याआधी: जुन्या गाडीचं जड स्टेअरिंग घरच्या घरी कसं तपासायचं

आमच्या २००४ च्या डिझेल गाडीचं स्टेअरिंग एका पावसाळ्यात जड झालं. एका दिवसात नाही. आधी सकाळी गाडी काढताना बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा, मग गल्लीत गाडी वळवताना दोन्ही हातांचा जोर लागायला लागला, आणि शेवटी आंबा घाट उतरताना खांदे भरून आले. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि निकाल दिला, "पंप गेला." पंप बदलला. आठ दिवसांनी तोच आवाज परत हजर.

मग एका म्हाताऱ्या मेस्त्रीने तेलाच्या बाटलीपासून पंपापर्यंत जाणारा रबरी पाइप दोन बोटांनी हलवून दाखवला. पाइप कडक होऊन लाकूड झाला होता आणि त्याची क्लिप सैल होती. "पंपाला काय झालं नव्हतं, पाइप हवा वढालाय," एवढंच तो म्हणाला. वीतभर पाइप आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम भागलं. पंपाचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: जे फुकट तपासता येतं ते आधी, जे स्वस्त आहे ते नंतर, पंप आणि रॅक (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) सगळ्यांत शेवटी. खालचा क्रम तोच आहे. पाना कधी हातात धरला नसेल तरी यातलं निम्म्याहून जास्त तुम्हाला जमेल.

आधी आत काय चालतं ते

जुन्या गाड्यांत बहुतेक तेलावर चालणारं, म्हणजे हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असतं. इंजिनावरचा पट्टा एक छोटा पंप फिरवतो. पंप बाटलीतलं तेल ओढतो आणि दाबाने रॅककडे, किंवा काही गाड्यांत त्याच्या जागी असलेल्या स्टेअरिंग बॉक्सकडे पाठवतो. तिथे एक व्हॉल्व्ह असतो. तुम्ही स्टेअरिंग वळवलं की त्याच्या आतली बारीक सळई किंचित पिळली जाते, ज्या बाजूला वळवलं त्या बाजूचा रस्ता उघडतो आणि तेल पिस्टनला ढकलतं. काम झालेलं तेल परतीच्या पाइपने बाटलीत येतं. सगळं मिळून तेल असतं लिटरभराच्या आसपास, पण पूर्ण वळणावर दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत चढतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीसपट किंवा त्याहून जास्त.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पंपापासून रॅकपर्यंतचा पाइप दाबाचा आहे. तो फुटला तर तेल बाहेर उडतं. बाटलीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढीचा आहे. तो सैल झाला तर तेलाचा थेंबही बाहेर न पडता हवा आत जाऊ शकते. माझी फसगत इथेच झाली. खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं सगळ्यांनीच धरून टाकलं होतं.

तुमची गाडी तेलाची की विजेची हे माहीत नसेल तर बॉनेट उघडून स्टेअरिंगचं चित्र असलेल्या झाकणाची छोटी बाटली शोधा. सापडली तर तेलाचं. वॅगनआरसारख्या लहान गाड्यांत पॉवर स्टेअरिंग विजेवरचं असतं. त्यात बाटलीही नाही आणि पट्ट्यावरचा पंपही नाही. त्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

हात घालण्याआधी

इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ ओढणी, उपरण्याचं टोक, सैल बाही काहीही नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जॅकबरोबर स्टँडही लावा, मागच्या चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. विटांवर गाडी ठेवतात हे मी पाहिलं आहे; वीट पिचते तेव्हा आधी सांगून पिचत नाही. आणि दाबाच्या पाइपची गळती हाताने चाचपून शोधू नका. बारीक छिद्रातून एवढ्या दाबाने सुटलेलं तेल कातडीच्या आत शिरू शकतं. त्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि ऑपरेशनपर्यंत नेते. अशा ठिकाणी पुठ्ठा धरायचा.

पहिली पायरी: टायर

हसू नका. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर स्टेअरिंग जड होतं, आणि "पॉवर स्टेअरिंग गेलं" म्हणून आलेल्या गाड्यांत अशा गाड्या निघतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात दिलेला दाब बघा आणि टायर थंड असताना तेवढी हवा भरा. टायर बदलून रुंद घातले असतील तर त्याचाही हिशेब धरा. जीपला भारदस्त टायर शोभून दिसतात, पण जागच्या जागी वळवताना पंपाला त्याची किंमत मोजावी लागते. हवा भरून एक चक्कर मारा. फरक पडला नाही तरच पुढे चला.

दुसरी पायरी: तेल बघा, हुंगा, कागदावर टाका

बाटलीवर किंवा झाकणाच्या काडीवर खुणा असतात. काहींवर थंड आणि गरम अशा वेगळ्या. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून पातळी बघा. पातळी उतरली असेल तर तेल कुठेतरी गेलं आहे. पेट्रोलसारखं ते खर्च होत नाही. नुसतं वर भरून विसरून जाणं म्हणजे तोच प्रश्न महिन्याभराने परत बोलावणं.

आता एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. स्वच्छ लाल किंवा फिकट पिवळसर असेल तर ठीक. तपकिरी-काळं आणि जळका वास असेल तर तेल म्हातारं झालं आहे. उन्हात धरल्यावर थेंबात बारीक चमचम दिसली तर आत धातू झिजतो आहे; ही वाईट बातमी. बाटलीत इंजिन बंद केल्याबरोबर फेस दिसला, किंवा तेल दुधाळ गुलाबी वाटलं, तर बहुतेक वेळा आत हवा शिरते आहे.

तेल कोणतं घालायचं हे झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ जुन्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल एटीएफ, म्हणजे डेक्सरॉन जातीचं तेल चालतं. होंडाच्या गाड्या आपलंच तेल मागतात, काही युरोपीय गाड्यांत वेगळंच हिरवं तेल असतं, आणि ही तेलं एकमेकांत मिसळायची नसतात. ब्रेक ऑइल मात्र कुठल्याच गाडीच्या या बाटलीत घालू नका. त्याने रबरी सील फुगतात, आणि एका घाईच्या टॉप-अपमध्ये पंप आणि रॅक दोन्हींची सीलं कामातून जाऊ शकतात. दोन्ही बाटल्या बॉनेटखाली जवळजवळ असतात, म्हणून ओतण्याआधी झाकण दोनदा वाचा.

तिसरी पायरी: पट्टा

इंजिन बंद, किल्ली खिशात. पट्ट्याचा सगळ्यांत लांब मोकळा भाग शोधा आणि मधोमध अंगठ्याने दाबा. जुन्या धाटणीचा पट्टा असेल तर साधारण १० ते १२ मिलीमीटर दबावा. जास्त दबला तर ढिला, हललाच नाही तर जास्त ताणलेला. जास्त ताणही वाईट, कारण तो पंपाची बेअरिंग खातो. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, भेगा असतील किंवा तेलाने ओली असेल तर पट्टा बदला. ताण आपोआप ठेवणारी पुली असलेल्या गाड्यांत अंगठ्याची परीक्षा कामाची नाही. तिथे पट्ट्याची अवस्था बघा आणि पुली डगमगते का ते बघा.

नवा पट्टा थोडा धावला की सैलावतो. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा ताणावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात आणि मग नव्या पट्ट्याला शिव्या देतात.

चौथी पायरी: कान

इंजिन चालू करून, गाडी उभी ठेवून कोणालातरी स्टेअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेटजवळ, पट्ट्यापासून लांब उभे राहा. स्टेअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही. तिथे पंप पूर्ण दाबाने स्वतःच्याच तेलाशी भांडत असतो आणि तेल भराभर तापतं.

वळवताना, विशेषतः टोकाजवळ, कर्कश "चीं" असा आवाज आला आणि बाहेर पाऊस असेल तर तो वाढला, तर पट्टा घसरतो आहे. कण्हल्यासारखा, स्टेअरिंग वळवलं की चढणारा आवाज आला तर तेल कमी आहे, तेलात हवा आहे किंवा बाटलीतली जाळी तुंबली आहे. टोकाला नेल्यावर क्षणभर हलकासा सूं आवाज येणं बहुतेक गाड्यांत नेहमीचंच. त्याच्या मागे लागू नका. खडबडीत रस्त्यावर "टक टक" येत असेल आणि तोच ठोका स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल, तर तेलाशी त्याचा संबंध नाही. ते चाकाजवळच्या सांध्यांचं (टायरॉड एंड, बॉल जॉइंट) किंवा रॅकच्या रबरी बुशचं काम.

जाळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती कोणी बघतच नाही. पुष्कळ बाटल्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. वर्षानुवर्षांचा गाळ आणि रबराचे कण तिच्यावर बसतात आणि पंपाला तेल पुरेनासं होतं. लक्षणं हुबेहूब "पंप गेला" सारखी: आवाज, जडपणा, भराभर वळवलं की झटके. काही गाड्यांत जाळी सुटी काढून पेट्रोलने धुता येते, काहींत पूर्ण बाटलीच बदलावी लागते. तरीही ती पंपापेक्षा स्वस्तच पडते.

पाचवी पायरी: पुढची चाकं उचला

सगळ्या परीक्षांत ही मला सगळ्यांत आवडते, कारण दहा मिनिटांत अर्धे संशयित सुटतात. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, गाडी स्टँडवर नीट बसवा, गिअर न्यूट्रल. इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक काढा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवा. तेलाचा थोडा अडथळा लागेल, पण तो एकसारखा हवा.

हवेतही अडखळत, गाठी लागल्यासारखं वळत असेल, तर दोष तेलाच्या बाजूला नाही, सांध्यांमध्ये आहे. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा छोटा क्रॉस (दांड्याचा सांधा) गंजला असेल, बॉल जॉइंट कोरडे पडले असतील किंवा शॉकअपच्या वरची बेअरिंग धरली, म्हणजे जाम झाली असेल. कोकणातल्या गाड्यांत खारट हवेने हे जास्त होतं. असे सांधे धरले की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळही येत नाही. हवेत मुलायम आणि जमिनीवर, इंजिन चालू असताना जड, असं असेल तर दोष तेलाच्या बाजूचा.

आता एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवावं आणि दुसऱ्याने चाकाकडे बघावं. चाक हलायच्या आधी स्टेअरिंगच्या कडेवर तीनेक सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी चाल असेल तर प्ले जास्त आहे. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खडखड जिथे बोटांना लागते तो सांधा गेला.

शेवटी इंजिन चालू करून, कोणीही गाडीखाली नाही याची खात्री करून, स्टेअरिंग सोडून द्या. ते आपणहून एका बाजूला फिरायला लागलं तर रॅकमधला किंवा बॉक्समधला व्हॉल्व्ह बिघडला आहे. तसं होत नसेल, पण रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट, टायर किंवा धरलेला ब्रेक बघा. पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचाच.

सहावी पायरी: गळती

बाटली, पाइप, पंप आणि रॅक आधी चिंधीने कोरडे पुसा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या टायरची जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून उगम कळतो, पण डागाच्या बरोब्बर वर गळती असेलच असं नाही. तेल पाइपवरून ओघळत येतं. सगळ्यांत वरची ओली जागा शोधायची.

परतीच्या पाइपची क्लिप ओली असेल तर घट्ट करा. पाइप कडक किंवा भेगाळलेला असेल तर टोक कापून पुन्हा बसवा नाहीतर बदला, आणि तेलाला टिकणारा पाइपच घ्या. बागेतल्या नळीसारखा दिसतो म्हणून कुठलाही नको. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात, तेव्हा दातांच्या खुणाही बघा. दाबाचा पाइप जिथे रबर आणि लोखंड एकमेकांत दाबून बसवलेलं असतं तिथे पाझरतो. त्याला क्लिप, एमसील, टेप यातलं काही टिकत नाही. नवा घ्यायचा किंवा हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून करून घ्यायचा. जेसीबी-ट्रॅक्टरची कामं जिथे होतात तिथे असा माणूस असतोच. हे तेल गरम सायलेन्सरवर टपकत असेल तर गाडी चालवू नका, ते पेट घेऊ शकतं.

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. ते दाबून बघा. आत तेल डुचमळत असेल तर रॅकचं आतलं सील गेलं, आणि हे काम घरचं नाही.

बाजारात गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या सील थोडे मऊ करून फुगवतात आणि काही दिवस गळती थांबल्यासारखी वाटते. विकायला काढलेल्या गाडीत लोक त्या का घालतात ते सांगायला नको.

तेल बदलणं आणि हवा काढणं

नवख्यासाठी सगळ्यांत सोपा मार्ग सिरिंजचा. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची वीतभर नळी आणा. बाटलीतलं जुनं तेल ओढून काढा, नवं खुणेपर्यंत भरा, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन-तीनदा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. दोन दिवस गाडी वापरा आणि पुन्हा तेच करा. प्रत्येक वेळी एकूण तेलाचा साधारण तिसरा हिस्सा बदलतो असं धरलं, तर चार खेपांत जवळपास ऐंशी टक्के तेल नवं होतं. जुनं तेल गटारात ओतू नका. गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या.

पाइप सोडून काम केलं असेल तर हवा काढावीच लागते. चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग सावकाश पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बाटलीत बुडबुडे येतील आणि पातळी उतरेल. ती कधीही तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा, ॲक्सिलरेटर न दाबता आणखी काही वेळा फिरवा. फेस दिसला तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा आणि पुन्हा करा. पंप नवा असतानाही जो कण्हतो, तो बऱ्याचदा इथे केलेल्या घाईमुळे.

एवढं करूनही जड असेल तर

आता पंपाचा आणि रॅकचा नंबर. इंजिन मंद चालताना जड आणि रेस दिल्यावर हलकं होत असेल, पट्टा आणि तेल ठीक असेल, तर पंप झिजला आहे किंवा त्यातला प्रवाह ठरवणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे. (इंजिनाची मंद गती फार कमी लावलेली नाही ना, तेही बघा.) एकाच बाजूला जड असेल तर संशय रॅकवर, कारण पंपाला डावं-उजवं कळत नाही. सकाळी जड आणि थोडं तापल्यावर हलकं होत असेल, तरी बहुधा रॅकच्या आतली सीलं झिजलेली असतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर "पंप बघा" म्हणू नका. "प्रेशर गेज लावून बघा" म्हणा. पंप आणि रॅकच्या मध्ये गेज आणि बंद करता येणारा कॉक लावतात. कॉक क्षणभर, पाच सेकंदांच्या आत, बंद केल्यावर दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत चढला तर पंप चांगला. कॉक उघडा ठेवून स्टेअरिंग टोकाला नेल्यावर तेवढाच दाब मिळत नसेल, तर तेल रॅकच्या आतल्या आत निसटतं आहे. गेज नाही म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये पंप बदलून घेऊ नका. हे मी पैसे घालवून शिकलो आहे.

विजेचं स्टेअरिंग असेल तर

इथे सुरुवात बॅटरीपासून. स्टेअरिंगची मोटर वळताना खूप करंट ओढते, म्हणून बॅटरी मरायला लागली की काही वेळा पहिली तक्रार स्टेअरिंगच करतं. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन घट्ट करा, अर्थिंगची वायर बघा, फ्यूज बघा. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचं चित्र पेटत असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. मोटरचा डबा किंवा दांड्यावरचा सेन्सर घरी उघडू नका.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी: चालत्या गाडीत मदत गेली तरी स्टेअरिंग वळतं, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरून, वेग कमी करून गाडी कडेला घ्या, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, नाहीतर लॉक पडेल.

दुरुस्ती झाल्यावर बाटलीवर तेलाच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवडाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, ती रेघ बघा. आमच्या गाडीच्या बाटलीवर अशा तीन रेघा आहेत आणि तेल अजून तिसरीवर आहे.